चूक झाली, त्या रात्री

विमान हँगरमध्ये लागले, लॉगबुक भरले, घरी फोनही झाला. रात्री जेवताना एकदम आठवते: निघायला उशीर झाला होता आणि एडीसी नंबर (हवाई संरक्षण यंत्रणेची परवानगी) नव्याने घ्यायचा राहिला. किंवा टॉवरने हवेच्या दाबाचा आकडा, क्यूएनएच, १००८ दिला होता, आपण अल्टिमीटरच्या खिडकीत १०१८ लावला. किंवा मेडिकलची मुदत मागच्याच शुक्रवारी संपली. घास तसाच हातात राहतो. कोणी पाहिलेले नाही, कोणाला काही झालेले नाही. मग सांगायचे की गप्प बसायचे?

हा लेख त्या रात्रीसाठी आहे.

मीरा रोड-भाईंदरकडची मुले-मुली उडायला शिकतात ती घरापासून लांब. पुस्तकी वर्ग अंधेरी-जुहूच्या बाजूला आणि प्रत्यक्ष उड्डाण धुळे, बारामती, जळगाव किंवा गोंदियाला. कोणी पुढे एअरलाइनमध्ये जाणार म्हणून शिकते, कोणी चाळिशी उलटल्यावर केवळ हौसेने पीपीएल घेते. सतराव्या वर्षी मिळू शकणारे हे खासगी वैमानिकाचे लायसन्स म्हणजे किमान ४० तासांचे उड्डाण. एवढ्या तासांत माणूस विमान उडवायला शिकतो, पण चुका संपत नाहीत. भेटणारे पालक मला एकच गोष्ट विचारतात: ‘एक चूक झाली तर लायसन्स जाते का हो?’

प्रामाणिक चुकीसाठी सहसा जात नाही. पण चूक लपवली तर ती प्रामाणिक राहत नाही, आणि खरा धोका तिथून सुरू होतो.

आधी डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, हातात काय आहे ते समजून घ्या. १९३४ च्या विमान कायद्याची जागा आता भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ ने घेतली आहे. तो १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला. परवान्यांचे रोजचे व्यवहार मात्र एअरक्राफ्ट रूल्स, १९३७ वर चालत आले आहेत. त्यातला नियम १९ प्रत्येक वैमानिकाने एकदा तरी स्वतः वाचावा. त्यानुसार परवाना ठरावीक मुदतीसाठी निलंबित करता येतो, चौकशी चालू असेपर्यंत थांबवता येतो, रद्द करता येतो किंवा त्यावर प्रतिकूल शेरा मारता येतो. त्याच नियमात तुमच्या बाजूचीही एक गोष्ट आहे. शिक्षेआधी तुम्हाला म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते. शो-कॉज नोटीस म्हणजे ती संधी. ती हातात पडली की लोक शिक्षा झाल्यासारखे खचतात. अनेक जण पंधरवडाभर पाकीटच उघडत नाहीत आणि संधीची मुदत त्यातच निघून जाते.

शिक्षा ही पायऱ्यांतली शेवटची पायरी. तिच्या अलीकडे समज देणे, लेखी ताकीद, इन्स्ट्रक्टरबरोबर पुन्हा काही तास उडून दाखवणे, पुन्हा परीक्षा, असे पुष्कळ काही असते. कोणती पायरी लागू होईल हे ठरते तुमची चूक कोणत्या जातीची आहे यावरून. हात चुकला, कान चुकला, नकाशावरची एक नदी दुसरी वाटली, ही एक जात. नियम माहीत होता पण ‘एवढ्याने काय होते’ म्हणून तपासणीची पायरी गाळली, ही दुसरी. आणि समजून-उमजून केले किंवा केल्यावर कागद बदलला, ही तिसरी. पहिलीला शिकवणे पुरते. दुसरीला शिकवणेही लागते आणि ताकीदही. तिसरीला या क्षेत्रात माफी नाही, आणि ती नसावी असेच माझेही मत आहे. २०११ साली बनावट गुणपत्रिकांवर परवाने मिळवल्याच्या प्रकरणात आपल्या देशात वैमानिकांना अटक झाली होती. त्या प्रकरणात चूक हा शब्दच लागू होत नाही.

आपली चूक पहिल्या जातीची की दुसऱ्या, हे ओळखायला सुरक्षा-अभ्यासकांची एक साधी कसोटी आहे. तुमच्याइतकेच शिकलेला, तुमच्याइतकेच तास उडालेला दुसरा माणूस त्याच वेळी, त्याच धुरक्यात, त्याच गडबडीत तिथे असता, तर त्याचेही असेच झाले असते का? उत्तर ‘हो, सहज’ असेल, तर दोष एकट्या माणसात नाही. तो रचनेतही आहे.

मुंबईकरांना याचे उदाहरण शोधायला लांब जायला नको. १९२८ पासूनचा आपला जुहू विमानतळ आणि सांताक्रूझचा मोठा विमानतळ एकमेकांना खेटून आहेत आणि दोघांच्या मुख्य धावपट्ट्यांच्या दिशाही जवळपास सारख्या आहेत. १९५३ च्या जुलैत बीओएसी या ब्रिटिश कंपनीचे कॉमेट सांताक्रूझऐवजी जुहूला उतरले. मोठ्या जेट विमानाला अपुरी असलेली ती धावपट्टी. ते तिथून पुन्हा उडवून न्यायला जवळजवळ नऊ दिवस लागले. १९ वर्षांनी, २४ सप्टेंबर १९७२ रोजी, जपान एअरलाइन्सचे डीसी-८ पुन्हा जुहूलाच उतरले, धावपट्टी संपल्यावरही पुढे गेले आणि मोडले. सुदैवाने कोणाचा जीव गेला नाही. ही खासगी वैमानिकांची विमाने नव्हती. हजारो तास उडालेले कॅप्टन होते ते. दोन वेगळ्या देशांतल्या, दोन पिढ्यांतल्या अनुभवी माणसांना तीच धावपट्टी फसवते, तेव्हा नुसती माणसे बदलून प्रश्न सुटत नाही. आणि ४० तासांच्या वैमानिकाने दोन सारख्या दिसणाऱ्या वस्तूंत गल्लत केली म्हणून त्याला नालायक ठरवण्याआधी हे आठवावे.

माझीही एक गोष्ट सांगतो. शिकाऊ असताना क्रॉस-कंट्रीवरून परत येत होतो. जानेवारीतले धुरके, सूर्य समोर. टॉवरने क्यूएनएच दिले, मी मोठ्या आवाजात अचूक रीडबॅक दिला, म्हणजे आकडा परत म्हणून दाखवला, आणि गुडघ्यावरच्या वहीत तो अचूक लिहिलाही. मग अल्टिमीटरचा गोल खुंटा फिरवताना त्या चिमुकल्या खिडकीतला एक आकडा चुकला. १० हेक्टोपास्कलचा फरक. काटा सांगत होता त्यापेक्षा मी पावणेतीनशे-तीनशे फूट खाली होतो. सर्किटमध्ये शिरलो तेव्हा झाडे नेहमीपेक्षा मोठी दिसली, एवढेच जाणवले. उतरलो आणि पार्किंगमध्ये काट्याकडे पाहिले, तर तो जमिनीवर उभ्या विमानाला जवळपास तीनशे फूट जास्त दाखवत होता. दोन मिनिटे तसाच बसून राहिलो. मग सीएफआयकडे, म्हणजे मुख्य इन्स्ट्रक्टरकडे, गेलो. ते रागावले नाहीत, बसही म्हणाले नाहीत. म्हणाले, ‘आत्ता लिहून दे, चहा नंतर.’ अर्धे पान लिहिले. पुढच्या आठवड्यापासून तिथल्या सगळ्या शिकाऊंना एक सवय लावली गेली: खुंटा फिरवून झाल्यावर खिडकीतला आकडा बोट ठेवून मोठ्याने वाचायचा. रीडबॅक टॉवरला दिला जातो, हे वाचन स्वतःसाठी. आजही मी ते करतो.

त्याच सुमारास एका सहकाऱ्याचे लँडिंग जोरात झाले. नाकाचे चाक आधी टेकले, विमान उसळले, पुन्हा आपटले. त्याने टेक लॉगमध्ये, म्हणजे विमानाच्या तांत्रिक नोंदवहीत, काही लिहिले नाही. घाबरला होता. तासांचे पैसे कर्जाऊ काढलेले, घरचे डोळे लावून बसलेले. त्याची भीती मला समजते. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला त्याच विमानात एक मुलगी पहिल्या सोलोला निघणार होती. इंजिनिअरने नेहमीची फेरी मारताना काउलिंगखाली टॉर्च टाकला आणि फायरवॉलच्या पत्र्यावर त्याला सुरकुती दिसली. विमान जमिनीवर राहिले. टॉर्च पडला नसता तर? हा प्रश्न त्या सहकाऱ्याने नंतर मला कित्येकदा विचारला. मी उत्तर देऊ शकलो नाही.

म्हणून पहिली सूचना: विमानाला काही झाले असण्याची शंका जरी असली, तरी टेक लॉगमध्ये लिहिल्याशिवाय तळ सोडू नका. ‘हार्ड लँडिंगची शंका, तपासणी करावी’ एवढे पुरते. घरी आल्यावर आठवले तर रात्री फोन करा. तुमच्या लायसन्सचा विचार उद्या करता येईल, उद्याच्या विमानाचा विचार आजच करावा लागतो.

दुसरी सूचना झोपायच्या आधीची. वही घ्या आणि घडले तसे, वेळेच्या क्रमाने लिहून काढा. विशेषणे नकोत, माफी नको, कारणमीमांसाही नको. ‘०९.१० ला निघायचे होते. इंधनाला उशीर झाला. १०.०५ ला टॅक्सी मागितली. एडीसी नंबर सकाळी घेतलेलाच वहीत होता. नवा घेतला नाही. हे रात्री ९ ला लक्षात आले.’ एवढेच. सकाळपर्यंत मन आपल्याच बाजूने गोष्ट शिवू लागते. रात्रीचा कागद त्याआधीचा असतो. पुढे सहा महिन्यांनी कोणी विचारले तर हाच कागद तुमचा खरा साक्षीदार ठरतो.

तिसरी: सकाळी सीएफआयला किंवा तुमच्या संस्थेच्या सुरक्षा अधिकाऱ्याला सांगा आणि लेखी द्या. अपघात किंवा गंभीर घटना असेल तर वाट पाहायची मुभाच नाही. अपघात चौकशीचे वेगळे नियम आहेत. त्यांनुसार शक्य तितक्या लवकर आणि उशिरात उशिरा २४ तासांत डीजीसीए आणि विमान अपघात अन्वेषण ब्युरोला, म्हणजे एएआयबीला, कळवावे लागते. त्याहून लहान गोष्टींसाठी डीजीसीएकडे स्वेच्छेने कळवण्याचीही सोय आहे. कोणाला काहीच झाले नाही अशा चुका तिथेच जायला हव्यात.

डीजीसीए आणि एएआयबी यांची गल्लत अनेक जण करतात. एएआयबीच्या चौकशीचा नियमात लिहिलेला हेतू एकच आहे: पुन्हा तसे घडू नये. दोषी कोण हे ठरवणे तिचे काम नाही. २५ जुलै २०२२ रोजी बारामतीहून निघालेले एक प्रशिक्षणाचे सेसना विमान इंदापूर तालुक्यात कडबनवाडीच्या शेतात कोसळले, तेव्हा आत एकटी शिकाऊ वैमानिक होती, ती बचावली. अशा वेळी चौकशी करणाऱ्यांसमोर तुम्ही जे सांगता त्यावर पुढच्या शिकाऊंची सुरक्षितता अवलंबून असते. परवान्याची कारवाई हे डीजीसीएचे वेगळे काम. आणि कोणी जखमी झाले असेल तर पोलिसांचे काम आणखी वेगळे. तिथे भारतीय न्याय संहितेची कलमे लागतात आणि वकिलाशिवाय जबाब देऊ नये.

सांगितल्याने उलट आपलेच नुकसान होईल, ही भीती जगभर आहे आणि तिच्यावर एक इलाज मोठी किंमत मोजून सापडला. १ डिसेंबर १९७४ रोजी टीडब्ल्यूएचे बोइंग ७२७ वॉशिंग्टनजवळच्या डलेस विमानतळाकडे उतरत होते. ‘अप्रोचची परवानगी आहे’ या शब्दांचा अर्थ वैमानिकांनी ‘आता खाली यायला हरकत नाही’ असा घेतला. नियंत्रकाला तसे म्हणायचे नव्हते. विमान व्हर्जिनियातल्या डोंगरावर आदळले आणि त्यातले सगळे ९२ जण गेले. चौकशीत कळले की सहाच आठवडे आधी युनायटेड एअरलाइन्सच्या एका विमानाने नेमकी हीच चूक केली होती आणि ते थोडक्यात वाचले होते. त्या वैमानिकांनी ती आपल्या कंपनीत कळवलीही होती, पण कंपनीबाहेर ती गेली नाही. यातून १९७६ मध्ये अमेरिकेत नासाकडे चुका कळवण्याची व्यवस्था सुरू झाली. नासाकडेच का? कारण नासाच्या हातात कोणाचे लायसन्स नाही. नाव काढून टाकून चूक सगळ्यांना सांगितली जाते. दहा दिवसांत कळवले, चूक जाणूनबुजून केलेली नसली, गुन्हा किंवा अपघात नसला आणि मागच्या पाच वर्षांत नियमभंग सिद्ध झालेला नसला, तर नियमभंगाची नोंद होते पण शिक्षा माफ होते.

२०१५ पासून तिथल्या एफएए या विमान वाहतूक नियामकाने आणखी पुढचे पाऊल टाकले: माणूस सहकार्य करत असेल आणि चूक नकळत झाली असेल, तर दंडाऐवजी समजावणे आणि प्रशिक्षण. ब्रिटनमध्ये खासगी वैमानिक चुकून परवानगीशिवाय नियंत्रित हवाई हद्दीत शिरला, तर त्याला बहुधा ऑनलाइन धडा आणि परीक्षा किंवा एका दिवसाच्या वर्गाला पाठवतात. अमेरिकेत किंवा ब्रिटनमध्ये राहून उडणाऱ्या आपल्या मराठी मुलांनी या सवलती माहीत करून घ्याव्यात आणि वापराव्यात. इथे भारतात मात्र ‘दहा दिवसांत कळवले म्हणजे सुटलो’ असे समजून चालू नका. आपल्याकडची मवाळ वागणूक बरीचशी अधिकाऱ्याच्या विवेकावर आणि तुमच्या कागदपत्रांवर अवलंबून आहे. अशी स्पष्ट, लेखी माफी आपल्याकडेही खासगी वैमानिकांना मिळावी, असे मला मनापासून वाटते. एकट्याने उडणाऱ्या माणसामागे कंपनीचा सुरक्षा विभाग नसतो.

आता नोटिशीचे उत्तर. ते मुदतीत द्या; दोन दिवस जास्त हवे असतील तर मुदतीच्या आत मागा. पहिल्या परिच्छेदात घडलेले, त्या रात्रीच्या वहीतून, जसेच्या तसे. दुसऱ्यात तुम्हाला ते केव्हा कळले आणि तुम्ही कोणाला केव्हा सांगितले. तिसरा परिच्छेद सर्वांत महत्त्वाचा: नोटीस यायच्या आधीच तुम्ही काय केले. इन्स्ट्रक्टरबरोबर पुन्हा उडालात? किती तास, कोणत्या तारखेला? तुमच्या चेकलिस्टमध्ये कोणती ओळ वाढवली? लॉगबुकच्या त्या पानाची प्रत जोडा. ‘अनवधानाने घडले, कृपया क्षमा असावी’ हे वाक्य हजार उत्तरांत असते, त्याने कोणाचे मत बदलत नाही. नियंत्रकाला दोष द्यायचा असेल तर आधी ध्वनिमुद्रणाचा लेखी उतारा मागा. आंतरराष्ट्रीय निकषानुसार ही ध्वनिमुद्रणे किमान ३० दिवस ठेवायची असतात. म्हणजे नोटीस येईपर्यंत ती पुसलीही गेलेली असू शकतात. म्हणून शंका आल्याबरोबर, त्याच आठवड्यात, लेखी विनंती करा. शेवटी प्रत्यक्ष सुनावणी मागा. दंड झालाच तर त्यावर अपील आहे आणि २०२४ च्या कायद्याने अपिलाची दुसरी पायरीही दिली आहे.

ध्वनिमुद्रणाच्या हक्काचीच एक गोष्ट: अमेरिकेचे सिनेटर जेम्स इनहोफ ऑक्टोबर २०१० मध्ये स्वतः विमान उडवत टेक्ससमधल्या एका बंद धावपट्टीवर उतरले. धावपट्टीवर कामगार होते. इनहोफना पुन्हा प्रशिक्षण घ्यावे लागले. पण चौकशीच्या काळात वैमानिकाला स्वतःविरुद्धची माहितीच मिळत नाही, असा त्यांचा अनुभव होता आणि २०१२ मध्ये त्यांच्या पुढाकाराने अमेरिकेत वैमानिकांच्या हक्कांचा कायदा झाला. कामगारांच्या डोक्यावरून उतरणाऱ्या माणसाची बाजू घ्यायला मला जड जाते. पण नियंत्रण कक्षाचे ध्वनिमुद्रण वैमानिकाला मिळाले पाहिजे, हे त्याचे म्हणणे बरोबर होते.

काही गोष्टी प्रामाणिक असूनही सुटत नाहीत. दारू ही पहिली. उड्डाणाआधी १२ तास दारू वर्ज्य, आणि श्वासचाचणीत पहिल्यांदा सापडलात तर परवाना तीन महिने निलंबित, दुसऱ्यांदा तीन वर्षे, तिसऱ्यांदा रद्द. २०२३ पासून अल्कोहोल असलेले माउथवॉश आणि टूथ जेलही नियमात नावाने आले आहे. त्यामुळे ‘खोकल्याचे औषध होते हो’ हे खरे असले तरी उपयोगी पडत नाही. कोणतेही औषध घेतले की विमानाकडे जाण्याआधी डॉक्टरला विचारा. दुसरी गोष्ट मनाई असलेले आकाश. मुंबईत ट्रॉम्बेचे भाभा अणुसंशोधन केंद्र आणि मलबार हिलवरची पारशी डुंगरवाडी यांच्यावरून उडायला बंदी आहे. तिथे शिरलात तर प्रश्न फक्त डीजीसीएचा राहत नाही. शिरल्याचे लक्षात आले की ताबडतोब रेडिओवर सांगा, दिशा मागा. गप्प राहून हळूच बाहेर पडणे हा सर्वांत वाईट मार्ग, कारण रडारवर गप्प विमान आणि वाईट हेतूचे विमान सारखेच दिसते.

ड्रोनवाल्यांसाठी थोडेसे. उत्तनच्या किनाऱ्यावर, चौकच्या टेकडीवर लग्नाचे चित्रीकरण करणारी मुले हल्ली दिसतात. तीही कायद्याने रिमोट पायलटच. मीरा-भाईंदर मुंबई विमानतळाच्या कुंपणापासून १२ किलोमीटरच्या बाहेर आहे, तरी दर वेळी सरकारच्या डिजिटल स्काय संकेतस्थळावरचा नकाशा पाहायचाच. शिवाय पोलीस वेळोवेळी मनाई आदेश काढतात. इथले पोलीस आयुक्तालय मीरा-भाईंदर, वसई-विरार असे एकत्र आहे. त्याचा ताजा आदेश जवळच्या पोलीस ठाण्यात विचारता येतो. ड्रोन रूल्स, २०२१ नुसार दंड एक लाख रुपयांपर्यंत होऊ शकतो, पण तोही म्हणणे ऐकून घेतल्यावरच. पोलिसांचा आदेश मोडला तर ती वेगळी केस होते. ड्रोन कोणावर पडले, कोणाला लागले, तर ४८ तासांत डीजीसीएला कळवायचे असते. पडलेले ड्रोन उचलून पळून जाणारा मुलगा स्वतःच्या चुकीला तिसऱ्या जातीत नेतो.

वर्षातून एक दिवस, वाढदिवसाला म्हणा किंवा दसऱ्याला, सगळे कागद टेबलावर मांडा. लायसन्स, मेडिकल, रेडिओचे एफआरटीओएल, विमा. प्रत्येकाची मुदत घरच्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहा, फोनवर नको. कॅलेंडर आईही पाहते, बाबाही. मुदत संपलेल्या कागदावर उडणे ही मला माहीत असलेली सर्वांत सामान्य आणि सर्वांत सहज टळणारी चूक आहे.

आणि पालकहो, धुळ्याहून किंवा गोंदियाहून रात्री साडेदहाला फोन आला आणि पलीकडचा आवाज नेहमीचा वाटला नाही, तर फीचा हिशेब काढू नका, ‘आता काय होणार’ असेही विचारू नका. त्याला किंवा तिला बोलून घेऊ द्या. मग एवढेच विचारा: टेक लॉगमध्ये लिहिलेस का? नसेल लिहिले तर आत्ता इंजिनिअरला फोन कर, मी लाइनवर आहे.